माया रजेवर आहे

माया आष्ट्याला गेली आणि परत आली नाही.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. साताऱ्यात गोडोलीच्या वरच्या अंगाला निवृत्त सुभेदार भाऊसो निकम राहतात, त्यांच्या घरात असं काहीही घडलेलं नाही. घराची अधिकृत भूमिका अशी आहे की माया रजेवर आहे. रजा किती दिवसांची, मंजूर कुणी केली, पगारी की बिनपगारी, हे विचारायचं नाही. तिची जर्मनची ताटली रोज सकाळी घासून पायरीवर उपडी ठेवली जाते. रजेवर गेलेल्याची खुर्ची दुसऱ्याला देत नाहीत, तसंच हे.

माया म्हणजे मांजर. अंगानं राखी, चारी पाय पांढरे, जणू इस्त्रीचे मोजे घालून परेडला निघालीय. भाऊसोंची एकुलती एक मुलगी दीपमाला कॉलेजात असताना तिनं ही पावसाच्या गटारातून उचलून आणली, हट्टानं वाढवली आणि बंगळूरला नोकरी लागल्यावर वडिलांच्या ओटीत टाकली. "पप्पा, हिला जपा. माझ्यासाठी." आता, 'जपा' हा शब्द भाऊसोंनी आयुष्यात फक्त वरिष्ठांच्या तोंडून ऐकलेला. त्यांनी टाचा जुळवल्या आणि मांजराचा चार्ज घेतला.

भाऊसोंची सारी नोकरी लष्कराच्या श्वान पथकात गेली. पंजाब, काश्मीर, आसाम. सरकारनं जिथं जिथं कुत्रं पाठवलं तिथं तिथं त्याच्या मागोमाग भाऊसो गेले. हे त्यांचंच वाक्य आहे आणि ते सांगताना त्यांना कसलाही कमीपणा वाटत नसे. त्यांचा शेवटचा कुत्रा शेरा. त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत भाऊसोंच्या वडिलांच्या फोटोला लागून आहे, दोन्ही फोटोंना एकाच मापाचा हार. वडिलांकडून अजून तक्रार आलेली नाही.

एवढ्या नोकरीत भाऊसोंना कुत्रं एकदाही चावलं नव्हतं. छातीवरची पदकं एका बाजूला आणि ही गोष्ट एका बाजूला. कुणी कारण विचारलं की ते बोट वर करून सांगत, "जनावर तोंडानं फसवंल, पर शेपटीनं न्हाई फसवायचं. शेपटी बगा, मन कळतंय." नियम शंभर नंबरी खरा होता. घोटाळा दुसरीकडंच होता. तो आपल्याला थोड्या वेळानं कळेल. भाऊसोंना त्याहून उशिरा कळला, हीच तर सगळी रड आहे.

तर एका संध्याकाळी भाऊसो बातम्या बघत बसले होते आणि माया आपणहून येऊन मांडीवर बसली. भाऊसोंना भरून आलं. त्यांनी शेराला जशी देत तशी तिला शाबासकी द्यायला सुरुवात केली. शेरा चांगला आडमाप गडी होता. त्याला शाबासकी पोचवायची तर बरगडीवर धपाधप थोपटावं लागे. मायाची बरगडी म्हणजे मेथीच्या जुडीएवढी. तरी ती काही वेळ बसली. मग तिची शेपटी हलायला लागली. आधी नुसतं टोक, मग सगळी शेपटी, मग खुर्चीच्या हातावर फटाफट.

"ऐकलंस का," भाऊसो आत ओरडले, "माया लय खूष हाय आज! शेपूट बग कशी हलवायलीया!"

आत स्वयंपाकघरात राहीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पातेल्यावर झाकण आपटलं. राहीबाई झाकण आपटत तेव्हा भाऊसोंना वाटे, घरात काम कसं जोरात चाललंय. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि शाबासकी वाढवली.

माया चावली.

नुसता दात लागला असं नाही. अंगठ्याच्या बुडाशी तिनं दात असे बसवले, जसा सरकारी कागदावर गोल शिक्का बसवतात. नीट, दाबून, शाई सगळीकडं सारखी लागेल असा. मग मांडीवरून उतरली आणि मागं न बघता चालत गेली.

राहीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चावली व्हय?"

"न्हाई," रक्त बघत भाऊसो म्हणाले. "जरा दात लागलं."

साबणानं हात धुऊन झाला, वर हळद झाली, आणि दुसऱ्या दिवशी राहीबाईंच्या धाकानं भाऊसो एका सरकारी दवाखान्यात सुईसाठी रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या तरुणानं संगणकावरून मान न काढता विचारलं,

"काय चावलं?"

"मांजर."

"कुत्रं पाळीव का भटकं?"

"मांजर म्हनलं मी."

"काका, ऐकलं मी. पण इथं पर्यायच दोन येतात. पाळीव कुत्रा आणि भटका कुत्रा. तुमचं मांजर पाळीव आहे का भटकं?"

"पाळीव."

"मग पाळीव कुत्रा." त्यानं बटण दाबलं.

"आवं, असं कसं? मी सबंध हयात कुत्र्यांच्या पथकात..."

"मग तर बरोबरच आहे की," तो म्हणाला. "पुढचे या."

भाऊसो बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं आतून शिपायानं अख्ख्या इमारतीला पुरेल अशा आवाजात पुकारा केला, "निकम भाऊसो! कुत्रं चावल्यालं!" आणि नियतीची शिस्त बघा, समोरच्या बाकड्यावर त्यांच्याच युनिटातला एक जुना हवालदार रक्तदाब दाखवायला आलेला. त्याचा रक्तदाब तिथंच बरा झाला असावा. सुई टोचून भाऊसो घरी पोचेपर्यंत निवृत्त श्वान-सैनिकांच्या 'श्वानबंधू' नावाच्या ग्रुपवर रांग लागली होती. एकानं लिहिलं, "साब, ड्यूटी पर या छुट्टी में?" दुसऱ्यानं लिहिलं, "आज शेरा असता तर त्याला काय वाटलं असतं." तिसऱ्यानं चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, मग ते पुसलं, आणि मग काय पुसलं हे विचारणारे निरोप संध्याकाळपर्यंत येत राहिले.

भाऊसोंसमोर आता दोन वाटा होत्या. कुत्रं चावलं म्हणावं, तर हयातीची अब्रू गेली. मांजर चावलं म्हणावं, तर उरलेली गेली. भल्या माणसानं ही गोष्ट सोडून दिली असती. पण भाऊसो सोडून देणाऱ्यांतले असते तर सुभेदार झाले नसते. ते नोंद दुरुस्त करायला परत खिडकीवर गेले. खिडकी म्हणाली, चावलेला प्राणी मांजर असल्याचा दाखला आणा.

म्हणून माया जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी तिला उजेडात धरलं, वळवून बघितलं आणि म्हणाले, "मांजर आहे हे लिहून देतो. पण चावली हे मी पाहिलेलं नाही, ते कसं लिहू?"

"चावती कशी, तेच तर कळत न्हाई साहेब. बगा की, हात फिरवला का किती खूष हुती," असं म्हणत भाऊसोंनी टेबलावरच्या मायाला शेराछाप शाबासकी द्यायला घेतली. माया शेपटीनं टेबल झोडपू लागली. डॉक्टर त्या क्षणी खणात वाकून शिक्का शोधत होते. शिक्का सापडला तेव्हा ते वर आले, आणि भाऊसोंचा दुसरा हात रुमालात होता.

"काय झालं?"

"काय न्हाई," भाऊसो म्हणाले. "तुमी पाहिलं न्हाई म्हनल्याव काय झालं न्हाई."

परत सुईच्या रांगेत उभं राहिल्यावर खिडकीतल्या तरुणानं पहिल्यांदाच मान वर करून त्यांना बघितलं. "परत तेच कुत्रं?"

आता गल्लीनं लक्ष घातलं. सगळ्यात आधी शेजारचे कोंडीबा. कोंडीबा माणच्या दुष्काळी भागातले, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. स्वतः एमआयडीसीत वॉचमनकी करून आता रिकामे. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडं मेंढराचा एक दाखला असतो. ते कुंपणावरून म्हणाले, "सुभेदार, तिला भाकरीचा चुरा तुमच्या हातचा मीठ घालून चारा. आमच्यात नवं मेंढरू आसंच वळखीचं करत्यात."

माया मिठाची भाकरी हुंगून तीन पावलं मागं सरली. कोंडीबा म्हणाले, "मेंढरू असतं तर खाल्लं असतं." हा मायाच्या बाजूनं मुद्दा होता की विरुद्ध, ते ठरलं नाही.

वरच्या खोलीतला भाडेकरू धैर्यशील हा दुसरा तज्ज्ञ. औंधचा पोरगा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. इतक्या परीक्षा दिल्यानं त्याला चार पर्यायांशिवाय जग दिसत नसे. चहा हवा का विचारलं तरी तो क्षणभर बाकीच्या तीन पर्यायांची वाट बघे.

"काका, पाळीव मांजर मालकाला का चावतं? अ, भूक. ब, भीती. क, आजार. ड, वरीलपैकी नाही."

"भूक न्हाई, दूध पिऊन आलीवती. भ्या न्हाई, आपसूक मांडीव बसली. आजार न्हाई, डॉक्टरनं सांगितलं."

"मग ड."

"ड म्हंजी काय?"

"ते पुढच्या प्रश्नात असतं," धैर्यशील म्हणाला.

शेवटी भाऊसोंनी रीतसर चौकशी बसवली. लष्करात काहीही हरवलं, फुटलं किंवा चावलं तरी चौकशी बसते. रविवारी अंगणात तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. अध्यक्ष कोंडीबा, सदस्य धैर्यशील, फिर्यादी भाऊसो, मध्ये भाजलेल्या शेंगांचं ताट. आरोपी भिंतीवर बसून पंजा चाटत होती.

भाऊसो उभे राहिले. "घटनेपूर्वी आरोपी अत्यंत आनंदात हुती. शेपूट जोरजोरात हलवीत हुती. त्याच अवस्थेत तिनं चावा घेतला. दोन्ही खेपंला."

"शेपूट हलवत हुती?" कोंडीबांनी शेंग फोडली. "मग खूषच म्हनायची. आमचं धनगरी कुत्रं बी तसंच करतंय."

"पर्याय उरतच नाही," धैर्यशील म्हणाला.

साक्षीला राहीबाईंना बोलावलं. त्या लसूण सोलत होत्या, तशाच आल्या. "म्या काय बघितलं सांगू? तुमी तिला करपल्यालं पातेलं घासल्यागत घासत हुता."

"तेवढंच इचारलंय का तुला?" भाऊसो म्हणाले. "आरोपीची मनःस्थिती सांग."

"आता चावल्याव काय मनस्थिती सांगू, कपाळ माझं!" राहीबाई आत गेल्या. आत काहीतरी जोरात आपटलं. अध्यक्षांनी साक्ष विषयाला सोडून असल्याचा शेरा मारला आणि शेंगांचं ताट आपल्याकडं ओढलं.

निष्कर्ष एकच निघत होता. भुकेनं चावणं समजतं, भीतीनं चावणं माफ असतं. पण तोंडावर आनंद दाखवायचा, शेपटी हलवायची, आणि त्या आनंदात असतानाच हात फोडायचा, याला भाऊसोंच्या शब्दकोशात एकच शब्द होता. ते खुर्चीत मागं टेकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "गद्दारी."

कोंडीबांनी हातातली शेंग परत ताटात ठेवली. कारण भाऊसोंचे डोळे भरले होते. हाताचं काही नव्हतं, हात बरा होत आला होता. ज्याच्या शेपटीवर विश्वास ठेवला त्यानं दगा दिला, हे सलत होतं.

त्याच आठवड्यात आष्ट्याहून मनुबाईंचा फोन आला. मनुबाई म्हणजे भाऊसोंची थोरली बहीण, घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात. मळ्यात घर, सभोवार ऊस. "भाऊ, धान्याच्या खोलीत उंदरं लय माजल्यात रं. कुठं मांजर मिळतंय का बग." भाऊसोंनी टाचा जुळवल्या. शिक्षा नव्हे, बदली. कागदोपत्री बदलीच म्हणायचं.

"आन दीपमालाला काय सांगायचं?" राहीबाईंनी विचारलं.

"योग्य वेळी कळवू." ही योग्य वेळ सरकारदरबारी जशी असते तशीच होती, म्हणजे नव्हती.

दीपमालाची जुनी चेनची पिशवी काढली, तिची चेन थोडी उघडी ठेवली आणि मायाला घेऊन भाऊसो एसटीत बसले. उन्हाळा असा की खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. कंडक्टरनं पिशवीत वाकून बघितलं. पिशवीनं त्याच्याकडं बघितलं.

"मांजराचं तिकीट लागंल."

"लागू दे. पर अर्धं," भाऊसो म्हणाले. "मादी हाय. बायकास्नी अर्धं तिकीट हाय."

कंडक्टर विचारात पडला. मग म्हणाला, "आधार कार्ड दावा."

यावर कराडच्या पुढंपर्यंत चर्चा झाली. अर्धी गाडी मायाच्या बाजूनं होती. एका म्हातारीनं तर स्वतःचं कार्ड देऊ केलं. पेठ नाक्याला कंडक्टर कंटाळून म्हणाला, "काका, मी काय बघितलंच न्हाई," आणि माया अशा रीतीनं, सरकारी नोंदीत न येता, सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात दाखल झाली. सबंध वाटेत ती एकदाही ओरडली नाही. चेनीच्या फटीतून एक डोळा तेवढा भाऊसोंच्या पँटीवर होता. भाऊसो खिडकीबाहेर बघत होते. ऊस बघण्यासारखा होता, असं ते नंतर म्हणाले.

परत आल्यावर घर नियमांप्रमाणं चालू लागलं. भाऊसो बातम्या बघत. मध्येच हात मांडीवर जाई, तिथं कुणी नसे, मग तो हात खुर्चीच्या हातावर थोपटल्यासारखं करी. लाकूड चावत नाही. पण लाकूड काही आपणहून येऊन मांडीवर बसतही नाही.

दीपमालाचा दर रविवारी फोन येई, तोही तोंड दिसणारा. एका रविवारी माया बाहेर गेली होती. पुढच्या रविवारी ती आंघोळीला गेली होती. हे भाऊसोंच्या तोंडून निघून गेलं आणि मग मागं घेता आलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी पूर्वतयारी केली. राहीबाईंची राखी शाल गुंडाळून कोचाच्या कोपऱ्यात ठेवली आणि फोन लांबून धरला.

"झोपलीया बग. लय दमलीया."

"पप्पा, जरा जवळ न्या ना फोन. शेपूट कुठाय तिची?"

"अंगाखाली घेतलीया."

"माया शेपूट अंगाखाली कधीच घेत नाही."

"थंडी हाय."

"मे महिन्यात?"

एवढ्यात राहीबाई बाहेर आल्या. त्यांना फोनचं ठाऊक नव्हतं. त्यांनी मायाला उचललं, झटकलं, तिची व्यवस्थित घडी घातली आणि कपाटात ठेवली.

फोनमध्ये दीपमालाचं तोंड एकदम जवळ आलं. मग दीपमाला म्हणाली, "पप्पा, माया कुठाय?"

भाऊसो सावधान झाले आणि त्यांनी अहवाल दिला. वेळ, ठिकाण, चावा पहिला, चावा दुसरा, चौकशी, साक्षीपुरावे, आष्टा. "आन बाळा, चिडून चावली असती तर मी मायेनं घेतलं असतं. पर ती खूष हुती गं. शेपूट हलवीत हुती."

"हळू की जोरात?"

"लय जोरात. खुर्चीव आपटत हुती."

"पप्पा," दीपमाला म्हणाली. "कुत्रं खूष झालं की शेपूट हलवतं."

"व्हय. तेच म्हनतोय मी."

"मांजर वैतागलं की हलवतं."

वरचा पंखा फिरत होता. भिंतीवर शेरा जीभ काढून बघत होता. आयुष्यभर फक्त त्याचीच भाषा बोललेला माणूस भलत्याच मुलखात जाऊन तीच भाषा बोलत राहिला होता, आणि तिथं 'हो'ला 'नको' म्हणत होते.

"म्हंजी..."

"म्हणजे ती सांगत होती, पप्पा. बास झालं, बास झालं म्हणत होती. तुम्ही थांबला नाहीत, तशी ती जोरात सांगत गेली. आणि मग चावली. मांजर आधी सांगतं हो. न सांगता नाही चावत सहसा."

"आन मी शाबासकी वाढवत गेलो," भाऊसो म्हणाले.

"हो."

"तुला हे कुनी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" दीपमाला हसली, पण ते हसणं जेमतेम होतं. "मी पण तसंच करायचे की. तुम्ही सुट्टीवर आलात की मला शेजाऱ्यांपुढं उभं करून पाढे म्हणायला लावायचात. मी आत जाऊन दार आपटायचे."

"ते दार तू आपटायचीस?"

"मग कोण?"

"मला वाटायचं," भाऊसो म्हणाले, "अजिंक्यताऱ्यावरनं वारं येतंय."

फोन ठेवल्यावर ते तसेच बसून राहिले. आत झाकण आपटल्याचा आवाज आला. भाऊसोंचे कान टवकारले. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं,

"काय झालं?"

राहीबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "काय झालं म्हंजी? कुनाचा फोन हुता? कोन गेलं का?"

"न्हाई. तू झाकान आपटलंस म्हनून इचारलं."

राहीबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "सकाळपास्नं सांगतीया, पान्याची मोटर लावा म्हनून. टाकी रिकामी हाय."

भाऊसोंनी मोटर लावली. एवढंच होतं. सगळ्या वर्षांत आपटलेल्या सगळ्या झाकणांच्या तळाशी बहुधा एवढंसंच काहीतरी असणार, असं त्यांना टाकी भरेपर्यंत वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते चेनची पिशवी घेऊन आष्ट्याला गेले. दीपमाला जूनमध्ये येणार होती. तिच्याआधी माया घरी हवी होती.

आक्का अंगणात आंब्याखाली बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. माया त्यांच्या लुगड्याला अंग लावून पडली होती, चांगली गुबगुबीत झालेली.

"चावती का, आक्का?"

"मला कशापाय चावंल? मी तिला हातच लावत न्हाई. मला हितं कामं का थोडी पडल्यात?"

भाऊसो ओट्यावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. न जाणो, हातांची जुनी सवय. बराच वेळ गेला. माया उठली, आळस दिला, आणि शेपटी झेंड्याच्या काठीसारखी सरळ वर धरून त्यांच्याकडं चालत आली. काल फोनवर दीपमालानं ही खूण सांगितलेली होती: शेपटी ताठ वर म्हणजे मांजर खरं खूष. भाऊसोंनी श्वास रोखला. तिनं त्यांच्या गुडघ्याला डोकं घासलं. त्यांनी एक हात सोडवला आणि एका बोटानं, फक्त एका, तिच्या कानामागं खाजवलं. थोड्या वेळानं शेपटीचं टोक हललं. जेमतेम.

भाऊसोंनी बोट काढून घेतलं.

मायानं वर बघितलं. आत्तापर्यंत हा माणूस बहिरा आहे अशी तिची पक्की समजूत होती, ती जराशी हलल्यासारखं दिसलं. ती तिथंच, त्यांच्या बुटाला टेकून बसली.

"आगं बाई, वळखतीया की तुला!" आक्का म्हणाल्या. "ने मग घरी. उंदरं संपल्यात तशी बी."

भाऊसोंनी पिशवी पुढं ओढली आणि चेन उघडली. चर्रर्र असा आवाज झाला.

मायाचे कान मागं गेले. शेपटी फुलून बाटली धुवायच्या ब्रशाएवढी झाली आणि जमिनीवर आपटू लागली. एकदा, पुन्हा, पुन्हा. त्या पिशवीत कोंडलेला उन्हाळा होता, एसटी होती, आणि खिडकीबाहेर बघणारा एक माणूस होता. भाऊसो नवी भाषा नुकतीच शिकले होते. त्या भाषेतलं पहिलं पूर्ण वाक्य त्यांना स्वच्छ कळलं, आणि ते वाक्य 'नाही' असं होतं.

"धर की रं, बगतोस काय!" आक्का म्हणाल्या. "मानंला धरून टाक आत. चावली तर चावली, सुया घेतल्यात न्हवं तू?"

"न्हाई आक्का," भाऊसो म्हणाले. "ती बोलतीया."

त्यांनी चेन लावली. माया एका उडीत ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसली आणि पाठ करून पंजा चाटू लागली. भाऊसो संध्याकाळच्या गाडीनं रिकामी पिशवी मांडीवर घेऊन परतले. पूर्ण तिकीट काढून.

दीपमालाला त्यांनी खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "नाही आणलीत तेच बरं केलंत, पप्पा." तिचा आवाज भरलेला होता. भाऊसोंनी तो ऐकला, आणि वारा समजले नाहीत. पण घराची अधिकृत भूमिका तेवढी रजेचीच ठेवावी, असं दोघांत ठरलं.

मग भाऊसोंना जे येत होतं ते त्यांनी केलं. अर्ज लिहिला. धैर्यशीलनं भाषा तपासून दिली, राहीबाईंनी पाकीट चिकटवलं, कोंडीबांनी मेंढरं असती तर अर्जाची गरज पडली नसती असं मत दिलं. अर्ज टपालानं आष्ट्याला पोचला. आक्कांनी तो मायापुढं मोठ्यानं वाचला आणि खाली ठेवला, तेव्हा ती येऊन त्यावर बसली, असं समजतं. अर्जावर बसून राहणं म्हणजे तो विचाराधीन ठेवणं, ही पद्धत जुनीच आहे. म्हणून अर्ज अजून फेटाळला गेलेला नाही, असं भाऊसो मानतात. तो असा:

प्रति,
मा. माया,
मु. पो. आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली.

विषय: मूळ ठिकाणी पुनश्च रुजू होणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपणाविरुद्ध सिद्ध धरण्यात आलेला गद्दारीचा आरोप भाषांतराच्या चुकीमुळे झाला असून तो बिनशर्त मागे घेण्यात येत आहे. आपली ताटली जागेवर आहे. प्रवासासाठी चेन नसलेल्या टोपलीची व्यवस्था करण्यात येईल. यापुढे आपल्या शेपटीने दिलेली सूचना लेखी आदेशासमान मानली जाईल, आणि अर्जदाराचा हात आपल्या परवानगीशिवाय आपल्या अंगावर येणार नाही.

तरी अर्जदार हा आपल्याच चाव्यास पात्र असून, त्याच्या नावे असलेली श्वानदंशाची नोंद दुरुस्त होण्यासाठी आपण साताऱ्यास समक्ष उपस्थित राहून त्यास खिडकीतल्या साहेबांसमोर आणखी एकदा चावावे, व तदनंतर सोयीनुसार मांडीवर बसावे, ही नम्र विनंती.